रविवारी डिस्चार्ज नाही

ब्रदर मान्यांच्या तळघरात लोकांच्या सत्तावीस बॅगा आहेत. चोरीच्या नाहीत, गहाण नाहीत, विमान कंपनीने हरवलेल्याही नाहीत. बॅगांच्या मालकिणी जिवंत आहेत, धडधाकट आहेत आणि त्यातल्या बऱ्याचजणी इथून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात. तरी बॅगा ब्रदरांकडे. लाकडी पट्ट्यांच्या पिंजऱ्यात, कुलपात, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या उंचीप्रमाणे रांगेत. प्रत्येकीच्या मुठीला पेशंटच्या मनगटाला बांधतात तसला प्लॅस्टिकचा पट्टा. त्यावर नाव, गाव, भरतीची तारीख आणि शेवटी प्रकृती. 'स्थिर.' 'सुधारणा.' 'रडते, पण जेवते.'

मी जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि ब्रदरांच्या डोक्यावर राहतो. म्हणजे ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. सात वर्षांत मी त्यांच्याबद्दल इतक्या गोष्टी सांगितल्या आहेत की त्यातल्या निम्म्या आता मलाही खऱ्या वाटतात. आजची मात्र पुराव्यानिशी खरी आहे. पुरावा चौदा किलोंचा होता आणि तो मी माझ्या हातांनी तीन जिने चढवून वर आणला.

दिगंबर माने मूळचे बार्शीकडचे. सोलापूरच्या एका सरकारी दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते, सव्वीस वर्षांपूर्वी इथे आले, तरी ब्रदरच राहिले. आमच्या घरमालकीण फ्राऊ बाऊअर पहिली दोन वर्षं त्यांना कुठल्याशा मठातले साधू समजून त्यांच्यासमोर पापांची कबुली देत होत्या. ब्रदर शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "आल्झो, तर मग मीठ कमी करा." बाईंचं वजन सहा किलोंनी उतरलं.

घड्याळ मनगटावर नाही, छातीवर, उलटं टांगलेलं. सुपरमार्केटात कोबी निवडतानाही. चालतात असे की मांजराने शिकवणी लावावी. पोहे खायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतात. आणि बीपी! त्यांच्या दारातून आत पाऊल टाकलं की नमस्काराआधी दंडाला पट्टा. चहा नंतर. एकदा गाडीत माझ्याकडे तिकीट नव्हतं, टीसी दंड लिहायला लागला. ब्रदरांनी त्याची नाडी धरली आणि म्हणाले, "रात्रपाळ्या फार होताहेत तुमच्या. बसा." टीसी बसला. दंड राहून गेला. आता तो माणूस दर दिवाळीला बीपी मोजून घ्यायला येतो आणि जाताना चकली नेतो. यातला चकलीचा भाग तरी नक्की खरा आहे.

लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणतात, "ड्युटी लागली होती."

वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर क्लिनिकने त्यांच्यावर नवंच काम टाकलं. नर्सिंग कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरी महाराष्ट्रातून आणायच्या आणि टिकवायच्या. त्या हुद्द्याचं जर्मन नाव इतकं लांब आहे की टपालपेटीवर वाचायला सुरुवात केली की शेवटापर्यंत पोस्टमन थकतो. "आणायला काय लागतंय, इंजिनियर," ब्रदर म्हणतात, "विमान आणतं. टिकवायला माणूस लागतं."

मुलाखती ते संगणकावरून घेतात. शरीरशास्त्र विचारत नाहीत. "घरी तुला कोण ओरडतं?" "तू उलट बोलतीस का?" "शेवटची कधी रडलीस? कुणासमोर?" जी म्हणेल 'मी कधीच रडत नाही, सर', तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. जी पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्याशी वाद घालेल ती पास. "भांडणारी टिकते," हा त्यांचा सिद्धांत. "गोड हसणारी तिसऱ्या महिन्यात बर्लिनला जाते. गेनाऊ, बरोब्बर तिसऱ्या."

आणि मग बॅगांचा कायदा. फ्रँकफुर्टच्या विमानतळावरून पोरीला थेट तिच्या खोलीवर न्यायचं. थकली असेल, झोपू दे, वगैरे काही नाही. बॅग उघड. शेंगाची चटणी स्वयंपाकघरात, कपडे कपाटात, देव खिडकीत. तळाशी आईने लपवून ठेवलेली कडक भाकरीची चवड निघते, ती मधोमध टेबलावर. बॅग पूर्ण रिकामी झाली, उलटी करून झटकली, की ब्रदर ती हातात घेतात, पट्टा बांधतात आणि निघतात. "खाटेखाली बॅग असली की रात्री हात खाली जातो," ते मला म्हणाले होते. "चेन वाजते. चेन वाजली की माणूस गेला."

बॅग परत मिळते. ब्रदर काही जेलर नाहीत. पण मागायला घरी यावं लागतं, बीपी द्यावं लागतं, थालीपीठ खावं लागतं आणि काय झालं ते सांगावं लागतं. याला ते 'डिस्चार्ज' म्हणतात. दहातल्या आठजणी थालीपीठ खाऊन, नाक पुसून, रिकाम्या हाताने परत जातात. आणि एक नियम दगडावर कोरलेला: रविवारी डिस्चार्ज नाही. "आपल्याकडंबी नव्हता. राऊंडला डॉक्टर नसतो." खरं कारण वेगळं. रविवारी इथे सगळी दुकानं बंद. नवी बॅग विकत मिळत नाही. म्हणजे रविवारी जिला पळायचंय तिला सोमवारपर्यंत थांबावंच लागतं, आणि सोमवारी सकाळी सहाला ड्युटी असते.

असा हा बंदोबस्त गेल्या वर्षापर्यंत चोख चालला. मग आली ती सहाजणींची तुकडी. कुठल्या कुठल्या मोठ्या शहरांतली क्लिनिकं या पोरींना मोबाईलवरच गाठायला लागली. एक गेली, तिच्यामागून दुसरी, पाठोपाठ आणखी तीन. वर्षाच्या आत पाचजणी आपापल्या बॅगा घेऊन गेल्या. उरली एक, रेश्मा.

नर्सिंगच्या मुख्य फ्राऊ क्नाप. त्या बाई कधी ओरडत नाहीत. पेनाचं टोपण लावतात. शुक्रवारी त्यांनी ब्रदरांना बोलावून टोपण लावलं. सोलापुरात नऊजणी वाट बघत होत्या. जर्मनची परीक्षा पास झालेल्या, हातातल्या नोकऱ्या सोडलेल्या, दोघींची तर लग्नं पुढे ढकललेली. त्यांच्या करारावर सोमवारी सकाळी नऊला सही व्हायची होती. "हेर माने," बाई म्हणाल्या, "सहावी इथे आहे तोवर मी सही करू शकते. सहावी गेली, तर वर काय सांगू? आपण दुसऱ्यांसाठी माणसं आणतो?"

हे ब्रदरांनी मला शनिवारी जिन्यात सांगितलं. सांगताना छातीवरचं घड्याळ तीनदा पाहिलं.

आणि रविवारी सकाळी साडेदहाला मला रेश्माचा फोन आला. "दादा, दुपारी हाइलब्रोनच्या स्टेशनावर सोडाल का? दोन आठची गाडी आहे." मी म्हटलं, सोडतो की! रविवारी इथे करायचं काय असतं? वॉशिंग मशीन लावायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मोठ्याने शिंकलं तर फ्राऊ बाऊअर खालून काठी वाजवतात. कुणाला स्टेशनवर सोडणं म्हणजे करमणूक. कुठे चाललीस, हे मी विचारलं नाही.

पावणेबाराला ब्रदरांचा फोन. "इंजिनियर, खाली या. बूट घालत बसू नका."

गेलो. रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी. कोट अंगात, मफलर गळ्यात, बूट पायात. ब्रदरांच्या घरात बूट! मला तिथेच कळलं, केस गंभीर आहे.

"माझी बॅग द्या, ब्रदर."

"आधी बीपी."

"बीपी नको. बॅग. दादा मला सोडणारेत, दोन आठची गाडी आहे. ड्रेस्डेनला."

ब्रदरांनी माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांच्या चकल्या मला एकदम घशाशी आल्या.

"मला वाटलं सहलीला..." मी म्हणालो.

"नोव्हेंबरात?" ब्रदर म्हणाले. "बस, रेश्मा. आज रविवार हाय."

"माहितीये. रविवारी डिस्चार्ज नाही. दुकानंसुद्धा नाहीत, तेसुद्धा माहितीये." तिने खिशातून निळ्या पिशव्यांचं भेंडोळं काढलं, कचऱ्याच्या. "नाही दिली तर यांत भरून जाईन. पल्लवी आहे तिकडं, माझ्या वर्गातली. दहा मराठी पोरी आहेत हॉस्टेलवर. राजीनामा उद्या सकाळी मेलने पाठवते."

उद्या सकाळी. म्हणजे नऊच्या आत की नंतर? मी तोंड उघडलं. "अगं पण उद्या सकाळी तर सोलापूरच्या नऊ..."

"इंजिनियर!" ब्रदरांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. मला हाताला धरून गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं. "पेशंटच्या छातीवर दुसऱ्याचं वजन ठेवत नसत्यात. तिला जायचंय का नाही, एवढंच बघायचं. नऊजणींचं मी बघीन."

"तुम्ही काय बघणार?"

"ते मला ठाऊक नाही," ब्रदर म्हणाले, आणि आत गेले. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ, त्यामुळे जबडा दुखायला लागला.

बारा दहा. रेश्मा खुर्चीच्या कडेवर टेकली, कोटासकट. तिने दंड पुढे केला. भांडून दमलेलं माणूस करतं तसा. पट्टा फुगला, सुई उतरली.

"एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव. एवढ्यावर डिस्चार्ज कसा देऊ?"

"ते तुमच्यामुळंच वाढलंय!"

"बरोबर. आता सांग. काय झालं?"

रेश्मा मोहोळजवळची. कॉलेजात पहिली आलेली. सलाईनची शीर सापडत नसली की सीनियर डॉक्टर तिला हाक मारायचे. आणि इथे परवान्याचे कागद होईपर्यंत मदतनीस. आंघोळ घाल, भरव, कवळी धू. आपल्याकडे हे नातेवाईक करतात, नाहीतर मावशी. याबद्दल ती पहिले तीन महिने ब्रदरांशी रोज भांडली होती आणि ब्रदर रोज खूश झाले होते. भांडण कधी थांबलं, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"एबर्लेआजी गेल्या," ती म्हणाली. "शुक्रवारी दुपारी."

एबर्लेआजी तिच्या वॉर्डातल्या, एक्याण्णव वर्षांच्या. त्यांच्या तालुक्याचं जर्मन असं की जर्मन माणसालाही दुभाष्या लागावा. रेश्माला मात्र सगळं कळायचं. दिवसातून वीसदा त्या एकच तक्रार करायच्या: वारा येतोय! इथल्या म्हाताऱ्यांना यमापेक्षा वाऱ्याच्या झुळकेची भीती. रेश्मा वीसदा खिडकी लावायची, वीसदा रजई खांद्यावर ओढायची.

"मी शेजारीच होते. हात धरला होता. मुलगी आली होती त्यांची. गेल्या, तशा हायकेसिस्टर आत आल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. ब्रदर, गार वारा सरळ आजींच्या अंगावर! खांदा उघडा होता. मी गेले आणि लावली खिडकी. रजई ओढली. हातच गेला माझा. तर हायके ओरडल्या, उघडी राहू दे म्हणून. मुलीसमोर. आणि ती मुलगी माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी मी... जशी मी आजींना कोंडून घातलं."

ब्रदरांनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला.

"नंतर सफाईवालीनं सांगितलं. माणूस गेलं की इथं खिडकी उघडतात. जीव बाहेर जायला. कुठल्या पुस्तकात आहे हे? मी परीक्षा पास झाले ना? कुणी सांगितलं मला?" तिने मफलर तोंडावर धरला. "इथं माणसं मरतात कशी तेवढंसुद्धा मला माहीत नाही. इथं राहून काय करू मी?"

साडेबारा. बाहेर चर्चची घंटा एकदा वाजली. थालीपीठ तव्यावर करपलं होतं आणि ब्रदरांनी ते करपू दिलं होतं. मी याआधी त्यांचे निदान पंधरा डिस्चार्ज पाहिले आहेत. या ठिकाणी ते नेहमी डावपेच काढतात. जिला घर आठवतं तिला भजी, जिला राग आलाय तिला भांडायला आणखी कारण, जी अगदीच हट्टाला पेटलीय तिला सांगायचं, जा की, पण आधी माझ्या पाठीला बाम लावून दे. मी वाट बघत होतो. आता काढतील. आता.

"मी सांगायला हवं होतं," ब्रदर म्हणाले. "चुकलं माझं. सव्वीस वर्षांत इतक्या खिडक्या उघडल्या, की ती सांगायची गोष्ट हाय, हेच विसरलो."

मग त्यांनी गळ्यातली दोरी काढली. तिला तळघराची किल्ली असते. आंघोळीलाही ते ती काढत नाहीत असं मी लोकांना सांगतो. टेबलावर ठेवली.

"इंजिनियर, बॅग आणा तिची. मरून रंगाची, उजवीकडून चौथी. आणि वेळेत सोडा. गाडी चुकू देऊ नका."

"ब्रदर, आज रविवार..."

"आणा म्हणलं ना."

मी किल्ली घेऊन तीन जिने उतरलो आणि उतरताना मला सोलापुरातल्या नऊ पोरी दिसत होत्या. खोटं नाही सांगत, प्रत्येक पायरीवर एक.

आमच्या तळघरातला दिवा म्हणजे फ्राऊ बाऊअरांच्या काटकसरीचं स्मारक. बटण दाबलं की तीन मिनिटं उजेड, मग आपोआप अंधार. पहिली दोन मिनिटं कुलपाशी झटापटीत गेली. आत गेलो, उजवीकडून एक, दोन, तीन... आणि दिवा गेला. मोबाईल वर राहिला होता, ब्रदरांनी घाई केली ना. चाचपडत मूठ सापडली, ओढली. बॅग हललीच नाही. म्हटलं अंधारात कुठेतरी अडकली असेल. जोर लावला. आली. आणि मग कळलं की ही रिकामी नाही. या पिंजऱ्यातली एकूण एक बॅग फुंकरीने उडेल अशी असते, तो तर कायदाच. ही चौदा किलोंची. पण माझ्या डोक्यात घड्याळ टिकटिकत होतं. रेश्माने आधीच गुपचूप भरून ठेवली असेल, असं म्हणत मी ती छातीशी धरून वर निघालो. पहिल्या मजल्यावर मला काजवे दिसले, दुसऱ्यावर माझे स्वर्गवासी आजोबा.

स्वयंपाकघरात आणून धाडकन ठेवली.

"ही माझी नाही," रेश्मा म्हणाली.

खरंच नव्हती. करड्या रंगाची, जुन्या पद्धतीची, चाकं नसलेली, आणि वरून सुतळी आवळून बांधलेली. मुठीला पट्टाही नव्हता. मी ब्रदरांकडे पाहिलं. ते उभे होते ते बसले.

"ती खाली ठेवून या, इंजिनियर."

"कुणाची आहे?"

"खाली ठेवून या."

पण रेश्मा खाली बसली होती, बॅगेजवळ. तिने बॅग एका हाताने कलती केली, आत काहीतरी घरंगळलं. "ब्रदर," ती हळूच म्हणाली, "ही भरलेली आहे." मग सुतळीत अडकलेला विमानाचा जुना कागद उलटा करून तिने नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "पहिल्या दिवशी बॅग रिकामी करायची. तुम्हीच सांगता ना?"

एक वाजला होता. ब्रदरांचा हात छातीवरच्या घड्याळाकडे गेला आणि तिथेच राहिला. आणि मग ते बोलले. ड्युटी बदलताना सकाळच्या पाळीचा माणूस दुपारच्या पाळीला वॉर्ड सोपवतो ना, अगदी त्या आवाजात.

"आल्झो. पेशंट इंदूबाई माने. वय बासष्ट. मुक्काम बार्शी. जुना बीपीचा त्रास. गोळ्या घेती, पण आठवण करून द्यावी लागती. आठवण करून देणारा मुलगा परदेशी, दुसरं वर्ष. मुलाचं तिकीट सोमवारचं. बॅग भरून तयार. रविवारी वॉर्डातून फोन आला, दोघी सिस्टर आजारी, माणूस नाही, येतोस का. मुलगा गेला. तिकीट पुढच्या सोमवारवर ढकललं." ते थांबले. "पेशंटनं ढकललं नाही. गुरुवारी सकाळी गेली."

तवा गार झाल्याचा टक्क असा आवाज आला.

"मग तुम्ही गेला नाहीत?" मी विचारलं.

"गेलो की. पिशवी घेऊन गेलो. ही नेली असती तर तिथं उघडावी लागली असती."

रेश्माने सुतळीची गाठ सोडवायला घेतली. नखांनी, घाई न करता. ब्रदरांनी नको म्हटलं नाही. झाकण उघडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वरती एक लोकरी कोट, गुडघ्याखाली येईल एवढा लांब, बर्फात घालायचा. बार्शीच्या उन्हाळ्यासाठी! मी हसणार होतो.

"दुकानात बाईनं विचारलं, आईला काय द्यायचं," ब्रदर म्हणाले. "मला थंडी वाजत होती तवा. म्हणलं, कोट द्या."

कोटाखाली चॉकलेटचे डबे, आतला माल पांढरा पडून दगड झालेला. आणि त्याखाली एक खोका, कोरा, सील न फोडलेला. रेश्माने तो हातात घेतला, बाजूचं चित्र पाहिलं आणि मला दाखवला. बीपीचं मशीन.

"बीपी किती होतं त्यांचं, शेवटी?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही. मोजायला कुणी नव्हतं. मशीन बॅगेत होतं."

आता मी काही बोलायला हवं होतं. मी, ज्याने टीसीला चकल्या खायला लावल्या. रेश्मा उठली. कोट उचलला, झटकला, खुर्चीच्या पाठीवर नीट खांदे जुळवून घातला, एखादं माणूस बसवावं तसा. मग खिडकीकडे गेली, मूठ फिरवली आणि दोन्ही तावदानं सताड उघडली.

नोव्हेंबरचा वारा आत आला. टेबलावरच्या निळ्या पिशव्या उडून फ्रिजखाली गेल्या. ब्रदर खिडकीकडे बघत राहिले. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. मोजणारं घड्याळ त्यांच्या छातीवर होतं आणि त्यावर त्यांचा हात होता.

दीड झाला. मी गाडीची किल्ली खिशात चाचपली, मुद्दाम आवाज येईल अशी. विचारायला तर हवं! रेश्माने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने ब्रदरांचं रोजचं मशीन ओढलं, त्यांची स्वेटरची बाही वर सारली आणि दंडाला पट्टा गुंडाळला. या घरात माझं बीपी दोनशेवेळा तरी मोजलं गेलं आहे, पोस्टमनचं झालं आहे, फ्राऊ बाऊअरांच्या कुत्र्याचंही झालं आहे. ब्रदरांच्या स्वतःच्या दंडाला पट्टा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

हवा सुटली. तिने सुई दोनदा पाहिली.

"किती?" ब्रदरांनी विचारलं.

"सांगत नाही. जास्त आहे. मीठ बंद." तिने पट्टा सोडला आणि मफलर काढून खुंटीला टांगला. मग कोट. "उद्या ड्युटीवरनं आले की परत घेते. रोज घेणार आहे."

ब्रदरांनी बाही खाली ओढली. "आणि दोन आठची..."

"हायकेसिस्टरांशी मला भांडायचंय अजून," ती म्हणाली. "दादा, बूट काढा. बाहेरचे बूट घालून काय बसलाय?"

मी तर मोज्यांवर होतो. पण काढल्यासारखं केलं.

दोन वाजून आठ मिनिटं झाली तेव्हा ती भाजणी मळत होती आणि मी करडी बॅग उचलून तळघरात निघालो होतो. आता ती कुठल्याही बॅगेसारखी होती, एका बोटाने तरंगणारी. मुठीला नवा पट्टा होता, रेश्माच्या अक्षरात: 'माने, दिगंबर. गाव बार्शी. भरती: आज. प्रकृती: ऑब्झर्वेशनखाली.' उजवीकडून चौथी मरून बॅग जागच्या जागी होती. मी तिच्या शेजारी ही उभी केली. कुलूप लावतो न लावतो तोच दिवा गेला.

वर आलो. ब्रदरांनी किल्ली घेतली, गळ्यात घातली आणि रेश्माला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "इंजिनियर, माझं तळघर भरलं. तुमच्याकडं नऊ बॅगा मावतील का?"

माझ्या तळघरात चार टायर, तुटकी सायकल आणि एक सोफा आहे. मी म्हटलं, "वीस मावतील."

मग आम्ही तिघं गरम थालीपीठ खात बसलो, चौथ्या खुर्चीवर कोट. थंडी मी म्हणत होती. दातावर दात वाजत होते. खिडकी कुणीच लावली नाही.